मा. सुशोभीकरण यांस अनावृत पत्र

मा. सुशोभीकरण यांस,
स. न. वि. वि.

ठाणे झालं, कल्याण झालं, आता आमच्या डोंबिवलीतल्या बागेलाही आपले पाय लागले, त्याबद्दल अभिनंदन.

आम्ही चार-पाच रिकामटेकडे पितृपक्षाच्या सुमारास गळ्यात दुर्बीण अडकवून या बागेत येत असू. तशी त्या पंधरवड्यात अख्खी डोंबिवलीच पक्षीनिरीक्षक असते. गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघण्याची चिकाटी सलीम अलींकडे तरी होती का, शंका आहे. आमचं लक्ष मात्र उत्तरेकडच्या पाहुण्यांवर. आधी करडा धोबी, मग हिरवट वटवट्या, मागाहून लाल छातीचा माशीमार.

आपण हा व्याप वाचवलात. प्रवेशद्वाराशी बसवलेले फायबरचे फ्लेमिंगो पाहिले. ठाणे खाडीतल्या खऱ्यांना चिखलपाण्यातलं शेवाळ आणि कोळंबीसारखे बारके जीव खाऊन रंग कमवावा लागतो. आपले एका डब्यात गुलाबी झाले. शिवाय खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसरचा दर्जा दिला, तरी पावसाळा आला की ते बहुतेक निघून जातात. आपले भर जुलैतही जागचे हलत नाहीत. निष्ठा म्हणतात ती हीच.

स्वच्छतेचं तर काय सांगावं! पान पडायच्या आत झाडू हजर. वटवट्याचं वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर. एवढासा जीव डोंगर ओलांडून येतो तो पानांमागच्या अळ्या आणि कोळी टिपायला. आपण फवारणी करून त्याच्या खाण्याचा प्रश्नच निकालात काढलात. कोपऱ्यातलं घाणेरीचं गचपणही गेलं. घाणेरी परदेशी, कबूल. पण तिच्या जागी अंथरलेलं प्लास्टिकचं हिरवं गवत काही मलंगगडावरून आणलेलं नाही.

झाडांच्या खोडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळांविषयी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, त्यात ठाण्याचंही नाव आलं. लोक उगाच कोर्टात जातात. हे छोटे पक्षी रात्रीचा प्रवास करतात, ताऱ्यांवरून दिशा धरतात, आणि खालच्या झगमगाटाने चुकतात म्हणे. आता अंधारात एवढ्या लांबून येणाऱ्याला जरा उजेड दाखवला, तर त्यात आपलं काय चुकलं?

आणि तो फलक! मारुती चितमपल्लींचा जन्म 5 नोव्हेंबरचा, सलीम अलींचा 12चा. म्हणून 2020 पासून राज्यात या दोन तारखांमध्ये पक्षी सप्ताह असतो. आमच्या बागेत त्याचा फलक लागला तो थेट पिंपळाला खिळे ठोकून. वर ‘पक्षी वाचवा’, खाली पोपटाचं चित्र आणि पोपटापेक्षा मोठे सात हसरे चेहरे. प्रजाती ओळखता आल्या नाहीत. पिसारा सगळ्यांचा पांढराशुभ्र, आणि थवा निवडणुकीआधी दिसतो.

एक विनंती मात्र आहे. पंपाच्या खोलीमागे एक पाइप गळतो. तिथल्या शेवाळलेल्या फरशीवर सध्या एक करडा धोबी असतो. शेपटी सतत खाली-वर. प्रत्येक झोक्याला बुडाखालचा पिवळा रंग चमकतो. मध्येच वीतभर उडी मारून चिलट पकडतो, आणि कुणी फोन काढला की टोकदार आवाज करून कुंपणावर जाऊन बसतो. सगळ्या बागेत त्याला पसंत पडलेली जागा ही एवढीच, जिथे आपला निधी अजून पोचलेला नाही.

पाइपदुरुस्तीची फाइल आलीच तर ती काही दिवस टेबलावर राहू द्यावी. याचा आपल्याकडे दांडगा अनुभव आहे. मार्चअखेर पैसे खर्ची टाकायची घाई असते, ते ठाऊक आहे. पण धोबी निघतो तोही त्याच सुमारास. एप्रिल उजाडू द्यावा, मग खुशाल फरशा बसवाव्यात.

आपला कृपाभिलाषी,
एक करदाता, डोंबिवली (पूर्व)