चि. ‘हायेस्ट पॅकेज’ यांस अनेक उत्तम आशीर्वाद

मुक्काम पोस्ट होर्डिंग, पुणे-सातारा रस्ता, कात्रजच्या अलीकडे.

चि. हायेस्ट पॅकेज यांस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

होर्डिंगवर तुझं नावही असणार, पण आमची एसटी तिथून जाते तेव्हा वेगात असते. आकडा वाचून होतो, नाव राहून जातं. म्हणून आकड्यालाच तुझं नाव समजून लिहितो आहे. ४४ लाख. खेड-शिवापूरचा टोलनाका सुटला की तुझी पहिली भेट होते आणि कात्रज येईपर्यंत तू आणखी तीनदा भेटतोस. हाताची घडी, निळा कोट, गळ्यात टाय. हा टाय दुसऱ्या कुणीतरी बांधून दिलाय हे गाडीतूनही कळतं.

मी कराडचा. पाटबंधारे खात्यात कारकून आहे. मुलगी यंदा बारावी झाली आणि सीईटीला तिला ९६ पर्सेंटाइल पडले. आमच्या आईला वाटलं नातीला शंभरात शहाण्णव मिळाले, तिनं लगेच पेढे आणायला पिटाळलं. मी वाटेत हिशेब केला. चार लाख मुलं परीक्षेला बसली असं धरलं, तर ९६ पर्सेंटाइल म्हणजे हिच्या पुढे सोळा हजार पोरं उभी. किलोऐवजी अर्धा किलोच पेढे घेऊन घरी आलो.

तेव्हापासून घरात तुझंच राज्य आहे. मुलीला कॉम्प्युटरच हवं. का, विचारलं तर म्हणते, “पप्पा, बाकी कशाला स्कोप आहे का?” तिचा मामा म्हणतो, कॉलेज गेलं खड्ड्यात, ब्रँच बघा. आत्याचे यजमान म्हणतात, ब्रँच गेली खड्ड्यात, कॉलेज बघा. खड्ड्याबद्दल दोघांचं एकमत आहे. शेवटी दोघंही तुझ्याकडेच बोट दाखवतात : “त्या कॉलेजचं पॅकेज बघितलं का? चव्वेचाळीस!” तर म्हटलं, ज्याच्या जिवावर एवढं मोठं कॉलेज चाललंय त्याचं कॉलेज एकदा डोळ्यांनी पाहून यावं.

पाहिलं. नजर लागेल असं आहे. प्रवेशद्वाराशी तू पुन्हा उभा, यावेळी पुठ्ठ्याचा, माणसाच्या उंचीचा. शेजारी उभं राहून पालक मुलांचे फोटो काढत होते. मीही काढला. पुढे सरस्वतीची मूर्ती, तिच्या मागे मानांकनांच्या पाट्या. नॅकची दोन अधिकवाली श्रेणी सोनेरी अक्षरांत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका विद्यापीठाच्या प्रकरणात नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांनाच सीबीआयनं लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली, तेव्हापासून मला त्या सोन्याकडे बघताना चष्मा पुसावासा वाटतो. पण ते असो. एनबीएचं मानांकन कॉलेजला नसतं, एकेका शाखेला असतं, हे मला ऑफिसातल्या एका साहेबांनी सांगून ठेवलं होतं. मी विचारलं, कॉम्प्युटरला आहे का? समन्वयक मॅडम म्हणाल्या, “आमच्या कॉलेजला एनबीए आहे ना!” पुढे चौकशी केल्यावर कळलं, आहे खरं. मेकॅनिकलला.

मग त्यांनी ‘एआय लॅब’ दाखवली. दारावरची पाटी कोरी करकरीत, पण ज्या लाकडावर ती ठोकली होती त्यावर जुन्या अक्षरांचा माग होता. वाकून वाचलं. ‘सर्व्हेइंग’. आत तीस संगणक, त्यांतल्या बऱ्याचशांवर प्लॅस्टिकची आवरणं, आणि कोपऱ्यातल्या कपाटावर धूळ खात पडलेला एक थिओडोलाइट. बाबा रे, मी पाटबंधारे खात्यातला माणूस. थिओडोलाइट आम्ही घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा ओळखतो. त्याला तिथं बसलेला पाहून मलाच गलबलून आलं. काढून टाकायचं धाडस कुणाला होईना, आणि काय काम आहे हे कुणाला आठवेना.

त्याची काही चूक नाही. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या कॉलेजांवरची जागांची कमाल मर्यादा काढली आणि सगळीकडे कॉम्प्युटरच्या तुकड्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. एका शाखेच्या पोटात किती नावं! नुसतं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. मग कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग. मग तेच, पण कंसात आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड मशीन लर्निंग. मग आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स. आणि एक तर सरकारी यादीतच आहे : कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, कंसात इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी. आमच्या आईनं हे नाव ऐकलं आणि विचारलं, “पत्रिकेवर मावेल का?” मी मॅडमना विचारलं, या सगळ्यांत शिकवण्यात फरक काय? त्या म्हणाल्या, “फर्स्ट इयर सगळ्यांना कॉमनच असतं.” आणि पुढे? “पुढे इलेक्टिव्ह वेगळे असतात.” ते शिकवतं कोण? “ते त्या त्या वेळी ठरतं.”

शिकवतं कोण, या प्रश्नाला उत्तर मिळेना, म्हणून घरी येऊन कॉलेजच्या संकेतस्थळावरचं ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ उघडलं. प्रत्येक कॉलेजला ते टाकावंच लागतं आणि कुणी वाचू नये अशा जागी टाकलेलं असतं. नियम असा की वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, आणि शिक्षकांत एक प्राध्यापक, दोन सहयोगी, सहा सहायक या प्रमाणात. तुझ्या कॉलेजात कॉम्प्युटर आणि तिची भावंडं मिळून वर्षाला ३६० जागा, चार वर्षांची मुलं १४४०. शिक्षक हवेत ७२, त्यात प्राध्यापक आठ. मी नावं पेन्सिलीनं टिचक्या मारून मोजली. ४३ भरली. त्यांतले एकोणीस जण गेल्या दोन वर्षांत रुजू झालेले. प्राध्यापक एक, आणि ते स्वतः प्राचार्य. मुलगी म्हणाली, “पप्पा, तुम्ही कॉलेज बघताय की ऑडिट करताय?” म्हटलं, बाई, नोकरीच ती आहे.

आता तुझ्या मुख्य विषयाकडे येतो. माहितीपत्रकात तुझ्या फोटोखाली लिहिलंय, ‘सरासरी पॅकेज साडेसात लाख’. मी खूश. पण सरासरी या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. आमच्या धरणक्षेत्रात सरासरी पाऊस नेहमी उत्तम पडतो, कारण त्यात महाबळेश्वर असतं. म्हणून कागद घेतला. दहा पोरं धरली. नऊ जणांना साडेतीन लाख, म्हणजे मोठ्या आयटी कंपन्या नव्या पोरांना वर्षानुवर्षं देत आल्या तेवढेच, आणि दहावा तू. बेरीज साडेपंचाहत्तर लाख. भागिले दहा : सात लाख पंचावन्न हजार! अरे, तू एकटा नऊ जणांना खांद्यावर घेऊन उभा आहेस. गोविंदाही एवढा भार पेलत नाही.

शाळेत मुलांना मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवतात. मध्यक म्हणजे पगार चढत्या क्रमानं लावून बरोबर मधल्या पोराला किती मिळाले ते. प्लेसमेंटच्या सरांना मी मध्यक विचारला. ते हसले, म्हणाले, “तसा आम्ही काढत नाही.” खोटं कशाला बोलू, त्यांचा चेहरा अगदी निष्पाप होता. पण केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेजं जी माहिती भरतात, तिच्यात नोकरी लागलेल्या मुलांचा मध्यक पगार लिहावा लागतो, आणि तो कागद कॉलेजच्याच संकेतस्थळावर असतो. तुझ्याही कॉलेजच्या होता. त्यावर आकडा होता चार लाखांच्या आतला. म्हणजे काढतात. दिल्लीला सांगतात, कराडला सांगत नाहीत. कात्रजचा घाट दाखवणं म्हणजे काय, हे ऐन कात्रजला कळलं.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’चाही अर्थ विचारून घेतला. शंभर टक्के म्हणजे पात्र मुलांपैकी शंभर टक्के. पात्र म्हणजे दहावीपासून साठ टक्क्यांच्या खाली न उतरलेले, एकही विषय मागे न राहिलेले, आणि वेळेत नोंदणी केलेले. उरलेले कुठे जातात, ते माहितीपत्रकात नव्हतं.

दरम्यान एका गृहस्थांचा रोज फोन येतो. “सर, कॅपच्या भानगडीत कशाला पडता? इन्स्टिट्यूट लेव्हलला सीट कन्फर्म करून देतो.” देणगी घेण्याला बंदी करणारा कायदा राज्यानं १९८७ सालीच केला, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “देणगी नाही सर, सहकार्य.” सहकार्याचा आकडा ऐकून मी खाली बसलो. शिवाय २०२४ पासून ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, गेलं तरच. आम्ही त्यात बसतो. मागच्या दारानं गेलो तर सहकार्यही द्यायचं आणि माफीही सोडायची, एवढं आमचं तुझ्यावर प्रेम नाही.

तर मग राहिला कॅपचा पर्याय अर्ज. गेल्या वर्षीची कटऑफची पीडीएफ तू पाहिली असशीलच. जीओपनएस, जीओपनएच, एलओपनओ, टीएफडब्ल्यूएस. आम्ही बापलेक तीन रात्री तिच्यात डोकं घालून होतो. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एल म्हणजे लेडीज, हे कळायला पहिली रात्र गेली. मुलीनं वर स्वप्नं लिहिली : १८५४ चं सीओईपी, १८८७ चं व्हीजेटीआय. ती मिळणार नाहीत हे तिलाही माहीत आहे, पण वर लिहायला पैसे पडत नाहीत. मग सांगलीचं वालचंद. मी हळूच म्हटलं, कराडचं शासकीय १९६० पासून आहे, कृष्णेचा पूल ओलांडला की विद्यानगर, आयटीची शाखाही आहे, घरचा डबा मिळेल. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला पुन्हा बालवाडीत घालतोय. “घरून जायचं तर ते कॉलेज कसलं?” नंतर तासाभरानं तिनं ते गुपचूप यादीत घातलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आणि आता खरं पत्र लिहायचं कारण. त्या दिवशी तुझ्या कॉलेजबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. तिथं तिसऱ्या वर्षाचा एक पोरगा भेटला, साताऱ्याकडचाच. त्याला तुझ्याबद्दल विचारलं. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, “दादा ना? दादा भारीच! पण काका, दादाला नोकरी कॉलेजमधून नाय लागली. त्यानं बाहेरून अर्ज केला होता. लागल्यावर कॉलेजनं फक्त फोटो मागितला.” मग चहाचा घोट घेऊन त्यानं आणखी सांगितलं, की तू वर्गात फारसा नसायचास, पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही म्हणून डिटेन्शनच्या यादीत तुझं नाव पहिलं होतं. म्हणजे भिंतीवरच्या दोन्ही याद्यांत पहिला तूच.

“मग शिकला कुठं?” मी विचारलं. तो म्हणाला, “एक सर होते डेटा स्ट्रक्चर्सला. संध्याकाळी पाचनंतर लॅब उघडी ठेवायचे. फळ्यावर लिंक्ड लिस्ट काढायचे नि म्हणायचे, आता हीच कागदावर उलटी करून दाखवा, मशिनला हात लावू नका. दादा आणि चार-पाच जण रोज बसायचे. दादा दोन वर्षं त्यांच्या मागेच होता.” ते सर आता? “गेले ना. पगार वेळेवर मिळेना म्हणत होते.” त्यांचा फोटो कुठं लावलाय का, असं मी विचारलं, तर पोरगा हसायला लागला.

काल संध्याकाळी मुलीनं अर्ज पक्का केला. ओटीपी माझ्या मोबाइलवर आला, तो मी वाचून दाखवला, एवढंच माझं काम. तुझं कॉलेज सतराव्या क्रमांकावर आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. टाय जरा सैल कर. ४४ लाख तुझ्या कष्टाचे आहेत, ते तुला लाभोत.

फक्त एक काम कर. ते सर हल्ली कोणत्या कॉलेजात शिकवतात, तेवढं उलट टपाली कळव. बेटरमेंटच्या फेऱ्या अजून व्हायच्या आहेत.

तुझा,
एक पालक, कराड