आप्पांचा काटा

विमानतळावर चेक-इनच्या रांगेत बॅगा उघड्या टाकून बसलेलं आणि एकीतली लोणच्याची बरणी दुसरीत, दुसरीतल्या चपला तिसरीत कोंबणारं कुटुंब तुम्ही पाहिलं असेल. त्या कुटुंबाकडे दयेने बघत आपल्या बॅगा एकेक करून पट्ट्यावर ठेवणारा गृहस्थही पाहिला असेल. त्याची प्रत्येक बॅग 22.9 किलो भरते. त्याच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, हुक लावलेला छोटा डिजिटल काटा असतो. आमच्या मिशिगनात या गृहस्थाला आप्पा म्हणतात.

आप्पा मोटारींच्या धंद्यातले इंजिनिअर. ते निवृत्त झाले, काटा झाला नाही. मंडळाच्या गणपतीला मूर्ती उचलून चौरंगावर ठेवायचा मान त्यांना वयामुळे मिळतो. आरतीच्या आधी सगळे हात जोडून उभे असताना ते मागे वळून हळूच सांगतात, "सात किलो चारशे. गेल्या वर्षीपेक्षा हलकी आहे." कुणाकडे जेवायला गेले तर दुकानातून आणलेल्या श्रीखंडाचा डबा उघडण्याआधी हुकाला लागतो. डब्यावर लिहिलेलं वजन आणि आप्पांचं वजन यांत फरक निघाला की बाकीच्यांना श्रीखंड गोड लागेनासं होतं. आप्पांना जास्तच गोड लागतं. "काटा खोटं बोलत नाही," ते म्हणतात, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात.

विमान कंपन्यांशी त्यांचं जुनं वैर आहे. 23 किलो म्हणजे 50.7 पौंड; पण काउंटरवरची मुलगी 50 म्हणते. "मधले सात दशांश पौंड कुणाच्या घशात गेले?" असं त्यांनी मला विचारलंय, माझ्या बायकोला विचारलंय, एकदा काउंटरवरच्या मुलीलाही विचारलंय. त्या 320 ग्रॅममध्ये काय काय बसतं याची यादी त्यांना पाठ आहे. चकली आहे, मेतकूट आहे, गोडा मसाला आहे, आणि पुण्याला निघताना असेल तर मेहुण्यासाठी बदाम.

अशा माणसाने कॅम्पर घ्यावा यात नवल नाही. गाडीमागे ओढायचं ते चाकांवरचं घर असतं: पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणी आणि तीन टाक्या. एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची, आणि तिसरी, जिचा उल्लेख आप्पा नेमका आमटी वाढली जात असताना करतात. अमेरिकेतली बहुतेक अशी घरं इंडियानातल्या एल्कहार्ट गावात आणि त्याच्या आसपास बनतात. ते आमच्यापासून फार लांब नाही, म्हणून कॅम्पर घेण्याआधी आप्पा तिथलं संग्रहालय बघायला गेले. तिथे 1931 सालची एक शेव्हरले हाउसकार आहे, पॅरामाउंट स्टुडिओने मे वेस्ट या नटीला दिलेली. लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. आप्पांनी तिथल्या माणसाला एकच प्रश्न विचारला. तो काय होता, हे सांगायची गरज नाही. नटीचं नव्हे, गाडीचं.

कॅम्परच्या दारावर एक पिवळा कागद चिकटवलेला असतो. आत भरलेल्या सामानाचं वजन अमुक किलोच्या, अमुक पौंडाच्या वर कधीही जाऊ नये, असं त्यावर छापलेलं असतं. बाकीचे लोक तो कागद बघतही नाहीत. आप्पांना परदेशात इतकी वर्षं काढल्यावर पहिल्यांदा आपल्या भाषेत बोलणारं कुणीतरी भेटलं.

मग वही आली. डावीकडे वस्तू, उजवीकडे वजन, खाली बेरीज. एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांच्या जरा वरच, म्हणजे चाळीस गॅलनची टाकी भरली की 333 पौंड झाले. म्हणून टाकी घरून पूर्ण भरायची नाही, उरलेली मुक्कामाला पोचल्यावर भरायची. ट्रेलरचं साधारण दहा ते पंधरा टक्के वजन पुढच्या जोडावर पडायला हवं, नाहीतर मागचं धूड हमरस्त्यावर शेपूट हलवायला लागतं. म्हणून बासमतीची गोणी पुढच्या पलंगाखाली. काकूंना भात टाकायचा तर अंथरूण उचलायचं, तांदूळ काढायचे आणि अंथरूण परत घालायचं. एकदा त्यांनी गोणी मागच्या कपाटात ठेवली. आप्पांनी पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि काही न बोलता गोणी पुढे नेली. एरवी या माणसाला गप्प बसवणं कुणाला जमलेलं नाही.

मॅकिनॉचा पूल तर आमच्या घरात दंतकथा होऊन बसलाय. 1957 साली खुला झालेला हा पाच मैलांचा झुलता पूल. वारा फार सुटला की उंच गाड्यांना आणि ट्रेलरना तिथे थांबवतात आणि पुढे एक गाडी देऊन ताशी वीस मैलांनी पलीकडे नेतात. आम्ही आमच्या छोट्या गाडीत, तंबू घेऊन, आप्पांच्या मागे. रांग थांबलेली असताना आप्पा उतरून आमच्या खिडकीशी आले. मला वाटलं, धीर द्यायला आले असतील. "तुमची गाडी फारच हलकी आहे रे," ते म्हणाले आणि परत जाऊन बसले. माझ्या बायकोने पाचही मैल डोळे मिटून घेतले होते.

तर या आप्पांनी जुना कॅम्पर डीलरला बदल्यात देऊन नवा घेतला. "शनिवारी ये. जुन्यातलं नव्यात टाकायचंय. तासाभराचं काम आहे." मराठी माणूस तासाभराचं काम म्हणाला की आपण घरी सांगून निघावं, रात्री जेवायला वाट बघू नका.

डीलरने दोन्ही कॅम्पर आवारात शेजारी-शेजारी, दाराला दार लावून उभे करून ठेवले होते. मधे चार पावलांचं अंतर. कुणीही शहाणा माणूस इकडून उचलून तिकडे ठेवेल. आप्पांनी त्या चार पावलांच्या मधोमध घडीची खुर्ची टाकली, मांडीवर वही घेतली आणि काटा हातात धरून नाका उघडला. या नाक्यावर मोजल्याशिवाय काहीही पलीकडे जाणार नव्हतं.

कुकर, दोन किलो शंभर. पोळपाट-लाटणं, नऊशे. चाकांना लावायच्या पाचरी, कॅम्पर समतल करायच्या फळ्या, सांडपाण्याचा पन्हाळीदार नळ आणि त्याचे खास हातमोजे. हे सगळं मी उचलायचं आणि त्यांनी मोजायचं. आमच्याकडच्या थंडीत नळ फुटू नयेत म्हणून त्यांत भरायच्या गुलाबी द्रवाचा अर्धा कॅन. उंदरांसाठी कोपऱ्याकोपऱ्यात खोचलेले सुगंधी कागद आणि त्यातल्याच एका कागदावर संसार थाटलेल्या उंदराच्या खुणा. आतल्या बाकाखाली दिवाळी अंकांचा गठ्ठा निघाला. काकूंचा खलबत्ता निघाला. कुणीतरी पुण्याहून पाठवलेला, कधीच न लागलेला आकाशकंदील निघाला. मुदत कधीच संपलेलं कोकम सरबत निघालं, तेही मोजलं गेलं.

आणि मग घोळ झाला. जुना कॅम्पर 1,900 पौंड सामान सोसायचा. नवा त्याच्याहून मोठा, एक भिंत बटणावर बाहेर सरकणारा, भिंतीत विजेची शोभेची शेकोटी, दारात दिवे लागणारी पायरी. आणि पिवळ्या कागदावर 1,300. आप्पांनी तो आकडा चष्मा काढून वाचला, चष्मा घालून वाचला. डीलरच्या पोऱ्याने समजावलं, की भिंत सरकवायची यंत्रणा, शेकोटी, मोठा फ्रिज हे सगळं कारखान्यातच वजन खाऊन बसतं. घर जितकं ऐटबाज, तितकी तुमच्या सामानाला जागा असते पण परवानगी नसते. (आमच्या ओळखीत अशी घरं चाकांवर नसलेलीही आहेत, पण ते असो.)

आता कपात. आप्पा म्हणाले, खलबत्ता. काकू म्हणाल्या, दिवाळी अंक. आप्पा म्हणाले, त्यात एका अंकात माझं पत्र छापून आलंय. काकू म्हणाल्या, मग तेवढं पान ठेवा. शेवटी आप्पांनी टाकीत कायम राहणारं पाणी दहा गॅलनांनी कमी करायचं ठरवलं, म्हणजे 83 पौंड सुटले, त्यात खलबत्ताही बसला आणि गठ्ठाही. आंघोळ कशी करायची हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तोपर्यंत ते पुढच्या विषयाकडे वळले होते. ओढणाऱ्या ट्रकच्या दारावरही असाच एक कागद असतो आणि त्यात बसणारी माणसंही मोजायची असतात. "तुझं किती?" त्यांनी काकूंना विचारलं. काकू खलबत्त्यातला बत्ता हातात घेऊन उभ्या होत्या. आप्पांनी त्या ओळीवर नुसती एक रेघ मारली. त्या रकान्यात इतकी वर्षं रेघच आहे, हे मी मागची पानं उलटून पाहिलं.

सगळं हलवून झाल्यावर कुणीही किल्ली दिली असती. आप्पांना रिकाम्या जुन्या कॅम्परचं वजन करायचं होतं. हमरस्त्याजवळच्या ट्रक थांब्यावर मालट्रकसाठी मोठा काटा असतो, थोडे डॉलर दिले की छापील पावती मिळते. डीलरचा पोऱ्या म्हणाला, सर, आम्ही किलोवर घेत नाही. आप्पांना ते पटलं नाही. रद्दीवाल्यासमोर बसलेल्या गृहिणीसारखे ते अडून राहिले आणि शेवटी त्या पोऱ्याला आणि मला बरोबर घेऊन गेले.

पावती आली. कारखान्याने लिहिलेल्या रिकाम्या वजनापेक्षा कॅम्पर 240 पौंडांनी जास्त भरला.

आप्पांनी बेरीज दोनदा केली. आत काही राहिलंय का, म्हणून मी सगळी कपाटं उघडली. एक चमचासुद्धा नव्हता. मग त्या पोऱ्याने दाराजवळच्या जमिनीवर टाच दाबली. जमीन आत गेली. त्याने भिंतीला बोट लावलं, तीही मऊ. छताच्या सांध्यांतून वर्षानुवर्षं थेंब-थेंब पाणी आत गेलं होतं आणि लाकडाने, त्याखालच्या कापसाने ते पिऊन ठेवलं होतं. याची किंमत आम्ही आधीच वजा केलीये, तो म्हणाला, काळजी करू नका. आप्पा काळजी करत नव्हते. पाण्याचा गॅलन नि गॅलन हिशेबात धरणारा हा माणूस मिशिगनचा पाऊस घेऊन अख्ख्या देशात हिंडला होता आणि वहीत त्याची नोंद कुठेच नव्हती.

"काटा बिघडलाय," आप्पा म्हणाले.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. परत आल्यावर काकूंना सांगितलं तर त्या नव्या कॅम्परच्या ओट्याशी चहा गाळता गाळता हसल्या. "काटा बिघडलाय म्हणाले? यांचा काटा सरळ कधी होता? तुझ्या लेकीच्या वेळचं आठवतंय ना?"

आठवत होतं. न आठवून काय करतो! मुलगी जन्मली ती भर जानेवारीत. जन्मानंतर पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, दोन आठवड्यांत ते भरून निघतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्या मुलीचं निघेना. डॉक्टरांकडची पुढची तारीख येईपर्यंत घरात कुणी धड झोपलं नाही. आप्पा रोज संध्याकाळी बर्फातून गाडी काढून यायचे. काकूंच्या जुन्या सुती साडीची झोळी करायची, तिला हुक लावायचा, मुलगी किंचाळायची, आणि आप्पा काट्याकडे बघून जाहीर करायचे: "वाढली. तीस ग्रॅम." पुढच्या दिवशी, "वीस." मग परत, "तीस." बाळाला सामानाच्या काट्यावर टांगणारा हा माणूस मला तेव्हा अत्यंत असह्य वाटायचा. बायको मात्र तो आकडा ऐकून दोन घास जेवायची, जरा पडायची, आणि हळूहळू मुलगी दूध ओढायला लागली.

"अंगठ्याने दाबायचे," काकू म्हणाल्या. "झोळीच्या गाठीवर अंगठा. पहिले चार-पाच दिवस ती वाढलीच नव्हती. मला गाडीत सांगायचे आणि घरी जाऊन खरा आकडा वहीत लिहायचे. मग खरीच वाढायला लागली तेव्हा रस्ताभर गात आले, एवढ्या बेसूर गळ्याने." त्यांनी चहा माझ्यापुढे ठेवला. "साखर कमी घातलीये. तू सुटला आहेस हल्ली."

मुलगी आता कॉलेजात आहे. घरी आली की आप्पांना बघून मागच्या दाराने पळते, कारण ते तिची पुस्तकांची बॅग हुकाला लावतात आणि पाठीच्या कण्यावर व्याख्यान देतात.

इतक्यात आप्पा वही घेऊन वर चढले. ट्रक थांब्यावरचा काटा बिघडलाय याबद्दल त्या कंपनीला पत्र कसं लिहायचं, ते त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण आधी एक काम. नव्या कॅम्परच्या पहिल्या फेरीला पुढच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये बसणार, हे त्यांनी मला न विचारता नक्की केलं होतं आणि कागदावर माझं वजन हवं होतं. "किती तुझं?"

मी काकूंकडे पाहिलं. मग दहा पौंड कमी करून सांगितलं.

आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, वहीत आकडा लिहिला आणि वही मिटायच्या आधी मला दिसेल अशी धरली. दहा पौंड त्यांनी परत घातले होते, वर आणखी पाच, "चहाबरोबर काहीतरी खाशीलच," म्हणून.