सिंकखालची चढण

महानुभावांचे श्रीगोविंदप्रभू कुणाच्या घरात शिरले, कुणाकडे काय खाल्लं, कशावर रुसले, हे सारं म्हाइंभटांनी मायेनं गोळा करून लिहून ठेवलं ते याच रिद्धपुरात. मराठी गद्याचं बालपण असं चुलीच्या आसपासच गेलं. तेव्हा इथल्या माझ्या मावशीच्या सिंकखालच्या नळीवर चार ओळी लिहायला मला संकोच वाटत नाही.

पुण्याच्या लेकानं तिला डिशवॉशर पाठवला. तोवर भांडी परसात राखेनं घासली जात आणि खरकटं पाणी आपल्या पायांनी धोप्याकडे, म्हणजे तुमच्या अळूकडे, चालत जाई. यंत्राच्या पाण्याला मात्र वाट आखून द्यावी लागते, आणि ती आधी वर चढते. नळी ओट्याच्या पोटाला टेकेल इतकी उंच न्यायची, कमान करून खाली आणायची, मग सिंकच्या निचऱ्याला जोडायची. यंत्राचा पंप आपलं पाणी सहज वर ढकलतो. सिंकमधल्या पाण्याला मात्र ती चढण झेपत नाही.

गावच्या प्लंबरला हा द्राविडी प्राणायाम पटेना. "आजी, पानी त उतारानंच जाते. त्याले वर कायले चढवाचं?" त्यानं नळी जमिनीवर निवांत निजवली. परिणामी सिंकमधलं वरणाचं पाणी मागच्या दारानं यंत्रात शिरलं आणि धुतलेल्या ताटल्यांवर हळदीची संध्याकाळ पसरली.

मग सगळंच नव्यानं झालं. कमान आली, आणि सरळसोट पाइपाच्या जागी वाकडा ट्रॅप. त्याच्या वळणात दोन-तीन बोटं पाणी कायम अडून राहतं आणि गटाराचा वास तिथूनच माघारी फिरतो. पाणी घालवण्याच्या वाटेवर थोडं पाणी राखून ठेवायचं! असं वळण संडासाच्या नळीला देऊन लंडनच्या अलेक्झांडर कमिंगनं 1775 मध्ये पेटंट घेतलं. तो घड्याळजी होता. वेळ काही त्याला अडवता आली नाही. निदान वास तरी अडवला.

आता यंत्र बिनबोभाट चालतं. मावशी मात्र प्रत्येक ताटली आधी बादलीत विसळते, मगच यंत्राच्या स्वाधीन करते. एवढं धुतल्यावर यंत्रानं काय करायचं, असं मी विचारलं, तर बादली उचलून परसाकडे निघालेली ती मागे न बघताच म्हणाली, "मशीन आली म्हनून धोप्यानं उपाशी राहाचं काय रे बापा?"