दोन बेस, दोन टॉप आणि सर

रत्नागिरीत हळदीला डीजे आणायचं ठरलं, की तो ठरवायला सरांना नेतात. सर ही एक व्यक्ती नव्हे. नाचण्यात एक असतात, खेडशीत एक, मिऱ्यावर एक. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि डीजेबद्दलचं मत अत्यंत वाईट. तरीही त्यांनाच नेतात. कारण मुंबईहून आलेल्या पुतण्याला पाठवलं, तर तो पहिल्याच वाक्यात "पैशाचं बघू रे, वाजलं पाहिजे" म्हणून मोकळा होतो आणि ते पैसे नंतर नवऱ्यामुलाच्या बापाला बघावे लागतात.

सर निघण्यापूर्वी वहीत मुद्दे काढतात. ध्वनिप्रदूषण नियम, सन 2000. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्र म्हणजे दहा ते सहा.

"पंचावन्न म्हणजे किती हो, सर?" पुतण्या विचारतो.

"आपण आत्ता बोलतोय ना, त्याहून जरा कमी."

"मग डीजेवाल्यानं येऊन करायचं काय?"

"तेच तर मी मघापासून म्हणतोय."

डीजेवाल्याची शेड कुवारबावच्या पुढे, आत भिंतीला लावून ठेवलेले काळे खोके. डीजेवाला सरांना बघून उठून उभा राहतो, कारण तो त्यांचाच विद्यार्थी. रत्नागिरीत धंदा करणारा प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या सरांचा विद्यार्थी असतोच, आणि सर याचा पुरेपूर फायदा घेतात.

"ध्वनीच्या धड्यावर तुला पस्तीससुद्धा नव्हते पडले."

"म्हणून तर तोच धडा अजून करतोय, सर."

मग भाव निघतो. चार बेस, चार टॉप, लाइट, जनरेटर धरून वीस हजार. सर वही उघडतात. "अर्धे खोके काढले, तर आवाज किती कमी होईल?"

"अर्धा."

"नापास! फक्त तीन डेसिबलनं. माणसाच्या कानाला तो फरक जेमतेम कळतो. आवाज खरोखर अर्धा वाटायला दहा डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे दोन बेस, दोन टॉप आणले तरी तुझ्या नाचणाऱ्यांना पत्ता लागणार नाही. तेव्हा खोके अर्धे, पैसे अर्धे."

"पण सर, टेम्पोला डिझेल तेवढंच लागतं. पोरंही तेवढीच लागतात उचलायला."

यावर सरांकडे सूत्र नसतं. ते चष्मा पुसतात आणि पुढच्या मुद्द्याला हात घालतात. शार्पी लाइट? नको, कंदील लावलेत. धुराचं मशीन? "चुली पेटलेल्या आहेत मागच्या पडवीत. धूर हवा तेवढा घेऊन जा." गाण्यांच्या लायसन्सचे वेगळे पैसे? इथे सर अक्षरशः फुलतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 त्यांना तोंडपाठ असतं. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना त्यात सूट आहे. "हळद आहे ही! वाढदिवस असता तर गोष्ट वेगळी." जनरेटर? "घरी थ्री फेज आहे."

अखेर बारा हजार आणि हापूसची एक पेटी यावर सौदा ठरतो. सर विजयी मुद्रेनं बाहेर पडतात. मागे राहिलेला पुतण्या हळूच विचारतो, "परवडलं का रे?" डीजेवाला टॉपवरची धूळ झटकत म्हणतो, "सर येणार असले की मी चारचाच भाव सांगतो. न्यायचे दोनच असतात."

हळदीच्या रात्री सर वीजमीटरजवळ खुर्ची टाकून बसतात. मांडवात चाकरमानी कोळीगीतांवर घाम गाळत असतात. नऊला वळवाचा पाऊस येतो आणि वीज जाते. थ्री फेजमधली एकही फेज शिल्लक राहत नाही. चाळीस मिनिटांनी उजेड येतो आणि घामट पोरं पुन्हा ओरडत मांडवात घुसतात. बघता बघता दहाला पाच मिनिटं उरतात.

"सर, साडेदहापर्यंत वाजवू का? तेवढंच भरून निघेल."

सरांची अशी कुचंबणा कधी झाली नसेल. पैसे मोजलेली चाळीस मिनिटं वाया चाललेली आणि हातातली वही म्हणतेय दहा. ठीक दहाला ते स्वतः मिक्सरची पिन काढतात. पोरांच्या शिव्या ऐकून घेतात. मग डीजेवाल्याला बाजूला घेतात.

"ती चाळीस मिनिटं उद्याच्या वरातीत फेड."

"जनरेटर नको म्हणून तुम्हीच सांगितलंत, सर."

"वीस तुझी, वीस माझी," सर घाईघाईनं म्हणतात.

चार दिवसांनी शेजारचे तात्या सरांच्या ओसरीवर येतात. त्यांच्या मुलीची हळद जवळ आलेली. सर त्यांना बसवून कानाच्या पडद्याची रचना समजावतात, डीजेनं बिघडलेली पिढी दाखवतात, खालूबाजाची सनई आणि ढोल कसे अंगणाला शोभतात ते सांगतात. चहा संपतो. तात्यांना सगळं मनापासून पटतं.

"खरं आहे तुमचं. डीजे राहूच दे. खालूबाजाच सांगतो."

सर ताडकन उठतात.

"राहू दे कसं? मेला चार बेस सांगेल, आपण दोनवर आणू. उद्या दहाला तयार राहा."