स्ट्रायकर मागं का?

गणपती बसले त्या रात्री मी देवासमोर ओरडलो. काय ओरडलो ते छापण्यासारखं नाही, पण त्यात 'तीन' हा आकडा होता आणि एका पोर्तुगीज गृहस्थाच्या डोक्याचा उल्लेख होता. आमच्या घरात हॉल एकच, त्यामुळे एका भिंतीला गणपती आणि समोरच्या भिंतीला टीव्ही. म्हणजे बाप्पालाही मॅच बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

२७ ऑगस्ट २०२५. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली. मँचेस्टर युनायटेड विरुद्ध ग्रिम्सबी टाऊन. ग्रिम्सबी म्हणजे तेव्हा चौथ्या श्रेणीतला संघ. मासेमारीचं गाव, म्हणून त्यांचे प्रेक्षक हवा भरलेले प्लॅस्टिकचे मासे घेऊन मैदानात येतात. सकाळी एकवीस मोदकांचा नैवेद्य झालेल्या आमच्या घरात मध्यरात्री पडद्यावर मासे नाचत होते आणि अर्ध्या तासात त्यांचे दोन गोल झाले होते. आणि आमचे मॅनेजर रुबेन अमोरीम काय करत होते? भर पावसात डगआउटमध्ये बसून, मांडीवरच्या छोट्या पाटीवर लोहचुंबकाचे ठोकळे इकडचे तिकडं सरकवत होते.

"तीन! परत तीनच मागं!" इथून पुढं मी न छापण्यासारखं बोललो.

"अहो, देव बसलाय समोर," आतून बायको म्हणाली. "आणि भिंतीपलीकडं काकू झोपल्यात."

युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन २०१३ साली निवृत्त झाल्यापासून त्या रात्रीपर्यंतच्या बारा वर्षांत मी सात मॅनेजरांना कंटाळलो होतो. (बायकोनं एवढ्या वर्षांत एकालाच सोसलं, याची ती अधूनमधून आठवण करून देते.) मोयेस साहेबांनी फुलहॅमविरुद्ध एका सामन्यात ८१ क्रॉस टाकायला लावले. एखाद्यानं बंद घराची बेल वाजवावी, दार उघडलं नाही तर पुन्हा बेलच वाजवावी, मागचं दार सताड उघडं असतानाही ८१ वेळा बेलच वाजवावी, तसं. सामना २-२ सुटला. मग आले फान गाल. ते गोल पडो वा न पडो, तलाठ्यासारखे वहीत काहीतरी उतरवून घ्यायचे. सातबारा कुणाच्या नावावर चढत होता कोण जाणे. पण या सगळ्यांची चूक झाली तरी दर आठवड्याला नवी व्हायची. अमोरीम यांची चूक एकच होती आणि तिच्यावर त्यांची श्रद्धा होती. तीन मागं, चार मध्ये, दोन त्याच्यापुढं, एक टोकाला. पुढं सप्टेंबरात तर ते म्हणाले, की प्रत्यक्ष पोप आले तरी मी पद्धत बदलणार नाही. कोल्हापुरात असं अंबाबाईचं नाव घेऊन कुणी बोललं असतं, तर संध्याकाळपर्यंत त्याचा चहा बंद झाला असता.

आता इथं मला कॅरमबद्दल सांगितलंच पाहिजे. फुटबॉलची गोष्ट ऐकायची घाई असेल त्यांनी पुढचे परिच्छेद सोडले तरी चालेल, पण मग नुकसान तुमचं.

डावपेच समजावून सांगायला कॅरमबोर्डासारखी दुसरी वस्तू जगात नाही. पांढऱ्या सोंगट्या नऊ. त्यात लाल राणी मिळवली की दहा. आणि स्ट्रायकर धरला की बरोब्बर अकरा! कॅरम ज्यानं काढलं त्याच्या मनात मूळ फुटबॉलच होता, अशी माझी खात्री आहे. प्रतिस्पर्ध्याला काळ्या नऊच मिळतात, म्हणून मी त्यांना जुन्या सफारीची दोन बटणं दिली आहेत. ही दोन बटणं गेली कित्येक वर्षं लिव्हरपूल, आर्सेनल, सिटी अशा सगळ्यांकडून माझ्याविरुद्ध इमानेइतबारे खेळतात. एका पांढऱ्या सोंगटीचा टवका उडालाय, ती मी नेहमी उजव्या बाजूला मागं ठेवतो, कारण त्या जागेवर आमचा कायम कुणीतरी जायबंदीच असतो. राणी म्हणजे अर्थात ब्रुनो फर्नांडिस. तिला मी मधोमध, सगळ्यांत पुढच्या सोंगटीच्या जरा मागं ठेवायचो. अमोरीम आल्यापासून तिला खाली खेचून मधल्या दोघांत बसवावं लागलं. राणीनं खालच्या पट्ट्यात बसून प्याद्यांना पास द्यायचे! बोर्डावर ते इतकं केविलवाणं दिसायचं की एकदा मी तिच्यावर पावडर टाकून झाकून ठेवलं होतं.

बोर्ड आजोबांच्या वेळचा आहे. एका कोपऱ्याचं जाळं फाटलंय, त्यामुळे तिथं गेलेली सोंगटी थेट सोफ्याखाली जाते. याला मी 'कर्जावर जाणं' म्हणतो. एक-दोनदा ऐन हंगामात आमचा सेंटर हाफ सोफ्याखाली कर्जावर होता आणि दिवाळीच्या साफसफाईला परत आला. बोर्डाला सिझनला एकदा खोबरेल लावून कोरडं पुसायचं असं आजोबांचं मत होतं, वडिलांच्या मते फक्त बोरिक पावडर. या प्रश्नावर आमच्या घरात जितकी चर्चा झाली तितकी माझ्या लग्नावरही झाली नाही. असो. स्ट्रायकर आकारानं सगळ्यांत मोठा आणि जड, म्हणून त्याला मी गोलमध्ये उभा करतो. सगळी जागा भरते.

तर त्या रात्री अमोरीम तिकडं पाटीवर ठोकळे सरकवत होते आणि मी इकडं जमिनीवर बसून सोंगट्या सरकवत होतो. फरक इतकाच, की माझं बरोबर होतं.

हा आत्मविश्वास कुठून आला म्हणाल, तर वारसाहक्कानं. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला प्रत्येक माणूस कोच असतो, फक्त कोचच्या जागी उभा असतो तो सोडून. आमच्या पेठेच्या संघाचं नाव सांगत नाही, उद्या मंडईत भाजी घ्यायचीय. पण तिथं सामना सुरू झाल्यापासून पाचव्या मिनिटाला 'बदल की रं त्येला!' अशी पहिली आरोळी उठते. कुणाला बदल ते सांगत नाहीत. सातव्या मिनिटाला, बदललेल्याला का बदललं म्हणून दुसरी. मी त्या पायऱ्यांवर लहानाचा मोठा झालो. मैदानावरची माझी स्वतःची कारकीर्द मात्र अकरा मिनिटांची आहे. पेठेच्या 'ब' संघाकडून एका सामन्यात उतरलो, चेंडू मला दोनदा लागला, त्यात एकदा चष्म्याला. कोचनं हाक मारली, "बाहेर ये, पवं खा." पोहे गार होते. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही कोचवर माझा विश्वास बसलेला नाही.

ग्रिम्सबीकडं परत. ७५व्या मिनिटाला एक फेडला, ८९व्याला आमच्या मग्वायरनं डोक्यानं दुसरा, आणि सामना पेनल्टींवर गेला. त्या संपेचनात. शेवटी १२-११. आमच्या एम्ब्युमोचा फटका आडव्या खांबावर आदळला आणि मासे पुन्हा नाचू लागले. पेनल्टी चालू असताना अमोरीम डगआउटमधून बाहेरच आले नाहीत, बघवत नव्हतं म्हणून आत बसून राहिले. भ्याड माणूस, मी म्हणालो. स्वयंपाकघराच्या दारामागून म्हणालो, कारण मलाही बघवत नव्हतं.

पहाटेचे तीन वाजत आले होते आणि स्वयंपाकघरात बायको जागी होती. ओट्यावर नकाशा पसरून नद्यांना निळा रंग देत होती. ती मराठीची शिक्षिका. कविता शिकवायला लागली की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा खिडकीबाहेर बघायची थांबतात, हे मी तिच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून ऐकलंय. गेली तीन वर्षं ती भूगोल शिकवते. वेळापत्रकात भोक पडलं होतं, तिथं ही मावली, म्हणून हिला बसवली. शाळेचं नाव कशाला घ्या, सगळीकडं हेच चालतं. पहिल्या वर्षी तिनं विनंती केली. दुसऱ्या वर्षी अर्ज दिला. तिसऱ्या वर्षी चांगल्या प्रतीचे रंगीत खडू आणले.

"हरले?" ती म्हणाली.

मी तिला बोर्डाशी ओढून आणली आणि सगळं इस्कटून सांगितलं. तीन मागं का चुकीचे, राणी खाली का नको, आणि कोबी माइनू नावाचं पोरगं, युनायटेडच्याच अकादमीत वाढलेलं, लीगच्या सामन्यांत बाकावर बसून कसं वाळतंय. "पद्धतीत बसत नाही म्हणून! अगं, पद्धत माणसांसाठी असते की माणसं पद्धतीसाठी?"

तिनं बराच वेळ बोर्डाकडं बघितलं. मग गोलमधल्या स्ट्रायकरवर बोट ठेवलं. "ह्याचं नाव स्ट्रायकर ना?"

"हो."

"मग हा मागं का?"

"तो मोठा आहे. जागा भरते."

"हं," ती म्हणाली आणि गोदावरी रंगवायला गेली.

ऑक्टोबरातली गोष्ट. पेठेतल्या बारक्या पोरांचा संघ आहे, सात-सात जणांचे सामने खेळतात. त्यांचा कोच मेहुण्याच्या पोराच्या बारशाला गेला आणि चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणालं, "दादा, तुम्ही उभं ऱ्हावा की. रोज बोलताय एवढं." मी आढेवेढे घेतले. साधारण चार सेकंद.

रात्री बोर्डावर सात सोंगट्या मांडल्या. मी चार मागं ठेवणारा माणूस, हे सगळ्या पेठेला माहीत. पण सातांत एक गोलकीपर, चार मागं म्हटल्यावर पुढं खेळणार कोण? शेवटी तीन मागं लावले. हे आजपर्यंत मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिघांतल्या एकाला सामन्यादिवशी ताप भरला. आता उजवीकडं मागं कोण? आमच्याकडं एक पोरगं आहे, दहा वर्षांचं, सगळे त्याला बारक्याच म्हणतात. चेंडू त्याच्या पायाला लागला की गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला होतात. गोल मारायचे ते त्यानंच. पण सगळ्यांत जास्त पळणाराही तोच होता, आणि मागं मला पळणारा हवा होता.

"मागं व्हय, काका?" त्यानं विचारलं.

"सिस्टिम आहे बाळा," मी म्हणालो. दहा वर्षांच्या पोराला! "आणि हे बघ, मधली रेष ओलांडायची नाही."

पाचव्या मिनिटाला पायऱ्यांवरनं आवाज आला. "ओ चष्मेवाले! बारक्याला दावणीला बांधलाय व्हय? म्हस हाय का ती?" मग दुसरा, "कोण रं ह्यो कोच? टीव्ही बघून शिकलाय जणू!" ही माहिती इतकी अचूक होती की मला उत्तर सुचलं नाही. मी खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहिल्यासारखं केलं. फान गालांबद्दल मी जे काही बोललो होतो ते तेवढ्यापुरतं परत घेतो.

बारक्यानं मात्र माझा शब्द पाळला. चेंडू पुढं गेला की तो जीव खाऊन मधल्या रेषेपर्यंत पळत यायचा आणि तिथं थांबायचा. दाव्याच्या टोकाला वासरू थांबतं तसा. मान तेवढी पुढं. मग वळून परत. पूर्ण सामना हेच. मी दोनदा तोंड उघडलं, त्याला पुढं जायला सांगायला. पण पायऱ्यांवरनं तेच ओरडत होते, आणि त्यांचं ऐकून बदल केला असं दिसलं असतं.

आम्ही १-० जिंकलो. आमच्या गोलकीपरनं नुसता लांब भिरकावला तो चेंडू त्यांच्या गोलकीपरच्या पायांमधून सुटून आत गेला. माझ्या डावपेचांचा त्याच्याशी जितका संबंध, तितकाच गोदावरीचा. पण शिट्टी झाली आणि मघाचाच म्हशीवाला उड्या टाकत खाली आला. "दादा, काय डोकं लावलंसा! बारक्याला मागं घिऊन त्येंची हवाच काढली की!" गाड्यावर चहा आला, पाठीवर थापा आल्या. मी म्हणालो, "मॅच वाचावी लागते." हे वाक्य मी त्या संध्याकाळी सहा जणांना ऐकवलं, आणि सातव्या वेळी ते बायकोला सांगायला घरी आलो.

तिनं बारक्याचं काय झालं एवढंच विचारलं. तिच्या हातात तपासायच्या वह्या होत्या, मोसमी वाऱ्यांच्या. मी म्हणालो, तोही खूश होता. तो खूश नव्हता. पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती तेव्हा तो कडेला बसून बुटाची गाठ सोडत होता. बराच वेळ सुटली नाही. माझं लक्ष होतं, पण तेव्हा मला कुणीतरी शाबासकी देत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो जर्सी परत द्यायला आला. घडी घालून, पिशवीत. दाराशी उभा राहून त्यानं हॉलमधला बोर्ड बघितला. रात्री युनायटेडची मॅच होती, म्हणून अकरा सोंगट्या मांडलेल्या होत्या. समोर नऊ काळ्या, दोन बटणं.

"खेळू का, काका?"

मी हो म्हणायच्या आत त्यानं माझा गोलकीपर उचलला, रेषेवर ठेवला, एक डोळा मिटला आणि टिचकी मारली. टवक्याची सोंगटी आणि दोन बटणं यांच्यामधल्या फटीतून स्ट्रायकर गेला आणि राणी सरळ कोपऱ्यात. फाटक्या जाळ्याच्या. सोफ्याखाली घरंगळत गेल्याचा आवाज आला.

"कव्हर घ्यावा लागतो हं आता," मी म्हणालो. "ती डावीकडची घे. अशी नाही, जरा—"

"माझं मी बघतो की, काका," तो म्हणाला.