हिमकण काढतोय

थंडीत वर्तमानपत्रांत एक फोटो ठरलेला असतो : महाबळेश्वर, वेण्णा तलाव, बोटींच्या धक्क्यावर पांढरा थर आणि वर मथळा, ‘दवबिंदू गोठले’. आम्ही मानखुर्दकर. पारा अठरावर आला की कानटोप्या शोधतो. बर्फ आम्हाला माहीत तो मासळीवर घातलेला. तरीही जुना कॅमेरा स्वस्तात मिळाला, म्हणून तलावाकाठच्या बर्फाचा छायाचित्रकार व्हायचं मी ठरवलं. शेजारी हसले असते, पण मी त्यांना बोलूच दिलं नाही.

निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आभाळात सोडून देते. थंड हवा जड, ती खोलगट भागात उतरून साचते. म्हणून गावात पारा शून्याच्या बराच वर असला, तरी वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्याला गवताच्या पात्यावर दव गोठतं. हे सगळं मी जिन्यात उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. तळमजल्यावरच्या काकूंनी तर संध्याकाळी माझी वेळ टाळून दळण आणायला सुरुवात केली.

हा तलाव साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ साली बांधला, वेण्णा नदी पुढे माहुलीला कृष्णेला मिळते, हे मी महाबळेश्वरला जाताना बायकोला पसरणी घाटात सांगत होतो. तिला बस लागली होती. ऐनवेळी कागद हवा झाला. हाताला लागलं ते कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक.

पहाटे तलावावर पोचलो, आणि बर्फ खरंच होता! फळ्यांवर कुणी मीठ भुरभुरवावं, इतकाच. पहिलं पाऊल ठेवलं आणि धक्क्याच्या टोकापर्यंत मी न चालता पोचलो. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, “साहेब, बोटी अजून सुरू नाहीत.”

मग मोर्चा गवताकडे. चष्म्याच्या सवयीने भिंगावर ‘हा’ करून पुसलं. त्यावर धुकं जमलं ते हलेना. शेवटी एक पातं निवडलं. त्याला बर्फाचे नाजूक काटे फुटले होते. श्वास रोखून फोकस करायचा असतो. मी रोखला, फोकस होईना. सोडला, काटे गेले. दुसरं पातं, तिसरं पातं. मी सरकत होतो आणि मागे वसंत ऋतू येत होता.

असा सरपटत एका स्ट्रॉबेरीच्या वाफ्यापाशी आलो. बांधावर एक मावशी उभ्या.

“काय हरवलं, दादा?”

“काही नाही, हिमकण काढतोय.”

“काढा की! समदं काढून न्या. रोपं करपत्यात.”

त्यांची पानं काळी पडत होती आणि मला त्यात सौंदर्य दिसत होतं; जरा ओशाळलोच. तेवढ्यात ऊन आलं आणि माझा विषय वाहून गेला.

घरी येऊन पाहतो, तर एकूण एक फोटो करडा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं दृश्य मध्यम करडं आहे असं धरून चालतो. म्हणून बर्फाला एक्स्पोजर मुद्दाम वाढवावं लागतं. हे माहितीपुस्तकात होतं म्हणे. ते पान पसरणी घाटात राहिलं.

फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकले. पहिलं उत्तर आलं, “कुठली राख ही?” पाठोपाठ सेक्रेटरी स्वतः वर आले. हवेतल्या धुळीबद्दलचा सोसायटीचा तक्रारअर्ज कधीपासून तयार होता, पुरावा तेवढा मिळत नव्हता.

“पानांवर बसलेली धूळ इतकी स्पष्ट कुणालाच टिपता आली नव्हती,” ते गहिवरून म्हणाले. “मोठ्या साइजमध्ये मिळेल?”

माझ्या कलेला आलेली ही पहिलीच मागणी. मी विचारलं, “ग्लॉसी की मॅट?”