जिलेबी गेटबाहेर

डब्याच्या प्रश्नावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. ‘चार दशम्या बरोबर असू द्या’ हा एक आणि ‘तिथंच काहीतरी खाऊ’ हा दुसरा. पहिल्या पक्षात आई, काकू, बायको, मुलं आणि शेजारच्या वहिनी. वहिनी बरोबर येणार नसतात, पण मार्गदर्शनाला हजर असतात. दुसऱ्या पक्षात मी. अध्यक्ष, चिटणीस आणि मतदार, सगळं मीच.

माझ्या पक्षाला तात्त्विक बैठक आहे. माणूस थीम पार्कात जातो तो रोजच्या घरातून सुटायला. तिथं पाळण्यातून उतरल्यावर, केस विस्कटलेले, डोळ्यांवर गॉगल, अशा अवस्थेत त्यानं पिझ्झाचा तुकडा हातात धरून उभं राहावं. सतरंजी पसरून, मांडी घालून कैरीचं लोणचं वाढून घेऊ नये. गॉगल लावून लोणच्याची फोड चोखणारा माणूस रुबाबदार दिसतो का? मी आरशासमोर करून पाहिलंय. नाही दिसत.

पण बऱ्हाणपूरहून इंदूर-इच्छापूर रस्त्याला लागायचं म्हणजे डबा आलाच. असीरगडचा घाट, मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल, सिमरोलचा घाट आणि या प्रत्येक ठिकाणी खोळंबलेले ट्रक. ज्यांनी हा रस्ता केलाय ते डबा नेतात आणि ज्यांनी केला नाही ते पुढच्या वेळी नेतात.

तर आई पहाटेच उठली. दशमीची कणीक दुधात भिजवली, पाण्याचा थेंब लागू दिला नाही. दशम्या निवल्या की धोतराच्या जुन्या, मऊ फडक्यात गुंडाळायच्या, त्याही सरळ नाही, एक आड एक दुमडून, म्हणजे एकमेकींना चिकटत नाहीत. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, लोणचं. लोणच्याच्या डब्याला झाकणावरून फडकं आणि त्यावर दोरी, कारण तेल कुणाचं ऐकत नाही. मग केळी. केळी नकोत, असं आमच्या जिल्ह्यात कुणी म्हणत नाही. म्हटलं तर लोक तब्येत विचारतात. आणि शेवटी, पाहुण्यासारखी वेगळ्या पिशवीत, मावा जिलेबी.

इतरत्रची जिलेबी पिवळीधमक, कुरकुरीत आणि चटकन मोडणारी. आमची जाड, काळपट तपकिरी आणि सावकाशीच्या स्वभावाची. खव्याची असल्यामुळे गुलाबजामच्या भाऊबंदांत मोडते. दोन बोटांत धरली की पाक आधी पेरांवर येतो, मग मनगटाच्या दिशेनं निघतो, आणि खाणारा बोलता बोलता कोपर वर करतो. कोपर वर करून जिलेबी खाणारा दिसला की तो आमच्या गावचा समजावा.

पार्कचं नाव सांगत नाही. त्याच्या गेटावर निळ्या गणवेशातल्या पोरानं पिशवीत हात घातला आणि म्हणाला, “अंकल, बाहर का खाना-पीना अलाउड नहीं है.”

पक्ष म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण आपल्या विरोधकाला तिसऱ्याच माणसानं पाडलेलं सहन होत नाही. त्यातून मी गावातला मानद गाइड. पाहुणे आले की शाही किल्ला, हमाम, आहुखाना मीच दाखवतो. मुमताज १६३१ साली इथंच गेली आणि ताजमहाल मात्र आग्र्याला झाला, हे सांगताना माझा आवाज आपोआप दुखावलेला होतो. अशा माणसाला तुम्ही खाण्यापिण्याचे नियम सांगणार?

मी त्याला टॉमस रोची गोष्ट सांगायला घेतली. इंग्लंडच्या राजाचा हा वकील १६१५ च्या नोव्हेंबरात बऱ्हाणपुरात आला. जहांगीरचा मुलगा शहाजादा परवेझ तेव्हा इथं मुक्कामाला होता. दरबारात कठड्याच्या आत उंचावर शहाजादा, खाली उमराव. रो म्हणाला, मला पायऱ्या चढून वर येऊ द्या. उत्तर मिळालं, इराणचा शाह आला तरी येऊ देणार नाही. बसायला खुर्ची द्या. तीही नाही. शेवटी साहेब खांबाला टेकून उभे राहिले. पण त्यांनी नजराण्यात दारूच्या बाटल्यांची पेटी आणली होती. ती पेटी काही कुणी अडवली नाही. शहाजाद्यानं रोला नंतर खासगीत भेटायचं कबूल केलं आणि ती वेळ येईपर्यंत त्याच बाटल्यांतल्या मालानं शहाजादा आडवा. भेट रद्द. आता बघा, मी त्या पोराला म्हटलं, आमच्या गावात चारशे वर्षांपूर्वी माणूस अडवला पण बाटली आत सोडली. तुम्ही माणूस सोडता आणि बाटली अडवता. प्रगती कुणाची झाली?

मागं रांग वाढत होती. मला रांग आवडते. किल्ल्यात एवढे श्रोते मिळत नाहीत. मी पाण्याकडं वळलो. अकबर बादशहा कुठंही असला तरी गंगेचंच पाणी प्यायचा. मोहरबंद भांड्यांतून ते त्याच्यापर्यंत जायचं. अबुल फझलनं आईन-ए-अकबरीत लिहून ठेवलंय. हिंदुस्थानचा बादशहा स्वतःचं पाणी घेऊन फिरत होता, आणि तुम्ही माझ्या काकूची बिसलरीची जुनी बाटली काढून घेता? बरं, पाण्याबद्दल बऱ्हाणपूरवाल्याला शिकवू नये. अब्दुल रहीम खानखानानं १६१५ मध्येच, म्हणजे रो आला त्याच साली, आमच्याकडं कुंडी भंडारा करवून घेतला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या भुयारांतून, शंभराहून जास्त कुंड्यांच्या रांगेनं, निव्वळ उतारावर शहराकडं आणलं. पंप नाही, वीज नाही. आज लिफ्टनं खाली उतरलं की ते पाणी अजून वाहताना दिसतं. खानखाना तिथं काउंटर टाकू शकला असता. नाही टाकलं.

“अंकल, साइड में हो जाइए,” पोरगा म्हणाला.

मग मी कायद्यावर आलो, आणि तिथं माझी पंचाईत झाली, कारण कायदा मला पाठ आहे. महाराष्ट्रात २०१८ साली मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नवरून रान उठलं होतं, हायकोर्टापर्यंत गेलं होतं. जम्मू-काश्मीरच्या हायकोर्टानं तर त्याच साली बाहेरचे पदार्थ आत नेऊ द्या, असा हुकूमच दिला होता. सुप्रीम कोर्टानं तो ३ जानेवारी २०२३ ला रद्द केला. थिएटर ही खासगी मालमत्ता, अटी मालक घालणार. मात्र पिण्याचं पाणी फुकट द्या आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नका. आणि सुनावणीत सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी उदाहरण कशाचं दिलं? जिलेबीचं! कुणी जिलेबी आणली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली, तर सफाईचे पैसे कोण देणार, असं त्यांनी विचारलं. हे वाचलं तेव्हा माझी छाती फुगली होती. मराठी सरन्यायाधीश, देशातलं सर्वोच्च न्यायालय, आणि तिथं जिलेबी. आमची म्हणून नाव घेतलं नाही एवढंच. पण पाकाचं वर्णन ऐकून मला शंका आहे.

गेटावर मात्र तोच निकाल माझ्या गळ्यात आला. मी म्हटलं, तो थिएटरचा आहे, तिथं मखमली खुर्च्या असतात. इथं प्लॅस्टिकची घसरगुंडी, दिवसभर पाणी वाहतंय, बोटं आपोआप धुतली जातील. पोरगा हसला. बाजूला बोट दाखवून म्हणाला, “नहीं तो इसमें डाल दीजिए.”

तिथं एक निळं पिंप होतं.

आत पुऱ्या होत्या. फॉइलमध्ये गुंडाळलेले ठेपले, एक अख्खा डबा बटाट्याची भाजी, लहान मुलाची असावी अशी टिफिनबाटली, त्यात लिंबाचं सरबत. कुणाच्या तरी घरी पहाटे दिवा लागला होता, कुणी तरी पुरीला कढईत दाबून फुगवलं होतं आणि सकाळी अकराला ते सगळं पिंपात. धंदा मला कळतो. तिकिटात भागत नाही, खाण्यात भागतं, हेही कळतं. पण ज्या गावात पावरलूमवर उभं राहून लोक रात्रपाळी करतात आणि मध्यरात्री डबा उघडतात, तिथल्या माणसाला हे पिंप बघवत नाही. माझा इतिहास तिथं एकदम बंद पडला.

आई पुढं झाली. तिनं पोराला मराठीतच विचारलं, “तू कुठं जेवतोस रे?” पोरगा आमच्याच बाजूचा, नेपानगरचा निघाला. म्हणाला, “माझा डबा पण आत चालत नाही, मावशी. मी इथंच खातो, खुर्चीच्या मागं.” आईनं फडकं सोडलं, दोन दशम्यांवर चटणी ठेवली आणि त्याच्या हातात दिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “चल, गाडीजवळ बसून खाऊन घेऊ. त्या शहाजाद्याला कशाला मधे आणलंस?”

पार्किंगमध्ये, दोन मोटारींच्या मधल्या सावलीत आम्ही जेवलो. मी पक्षनिष्ठेपायी तोंड वाकडं करून भरपूर दशम्या खाल्ल्या. गॉगल काढून ठेवला होता. आजूबाजूला पाहिलं तर प्रत्येक मोटारीच्या डिकीशी एकेक कुटुंब. आतल्या फूड कोर्टपेक्षा इथं गर्दी होती.

आत पुढं काय झालं ते फारसं सांगण्यासारखं नाही. पाळण्यात मला गरगरलं. दुपारी मुलांनी बनाना स्प्लिट मागितलं: एका केळ्याचे दोन उभे काप, मधे आइसक्रीम. केळं पाहूनच ओळखलं, आमच्याकडचं. भाव पडलेला असला तर तेवढ्या पैशात आमच्या मंडीत अख्खा घड येतो. बाहेरून आणलेलं केळं त्यांना चालत होतं. फक्त आणणारे आम्ही नको होतो.

तेव्हा पार्कवाल्या मंडळींना एक विनंती आहे. तुमचे पिझ्झे विका, दर हवे ते लावा. पण देवळाबाहेर चपलांचा स्टँड असतो तसा गेटाबाहेर डब्यांचा एक स्टँड ठेवा. टोकन द्या, वर पत्रा घाला, बाजूला दोन बाकडी आणि हात धुवायला नळ. फी दहा घ्या, वीस घ्या, आमची तक्रार नाही. जिलेबी खाऊन हात धुऊनच आत येऊ, तुमच्या खुर्च्यांना बोट लावणार नाही. तेवढं ते निळं पिंप मात्र आजच्या आज हलवा.